स्पॉटिफायनं मोजलेली गाणी आणि मनापासून आवडलेली गाणी, वर्षअखेरच्या यादीत एवढा फरक का पडतो?

डिसेंबर उजाडला की इन्स्टाग्रामच्या स्टोऱ्यांचा रंगच बदलतो. लग्नाचे आणि गोवा ट्रिपचे फोटो जरा मागे पडतात, कारण ज्याला त्याला आपलं स्पॉटिफायचं 'रॅप्ड' टाकायचं असतं. कोणी वर्षभरात किती हजार मिनिटं गाणी ऐकली, कोण कुठल्या गायकाच्या चाहत्यांमध्ये वरच्या एक टक्क्यात आला, कोणाच्या फोनवर जानेवारीपासून एकच गाणं फिरतंय. दोन दिवस धुरळा उडतो आणि विषय संपतो.

पण प्रत्येकाच्या फ्रेंडलिस्टमध्ये एक वेगळा प्राणी असतो. तो वर्षाच्या अगदी शेवटी भली मोठी पोस्ट टाकतो. आवडते दहा अल्बम, वीस गाणी, पाच कॉन्सर्ट. त्यातली निम्मी नावं कोणी ऐकलेलीही नसतात. पोस्टला लाइक येतात अकरा, त्यातले दोन घरचे. तरी पठ्ठ्या पुढच्या वर्षी पुन्हा यादी टाकतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. पण या याद्यांना पन्नास वर्षांचा इतिहास आहे, त्यांचं म्हणून एक गणित आहे, आणि बिनफिल्मी, बिनकंपनीच्या कलाकारांच्या पोटापाण्याशी त्यांचा बराच थेट संबंध आहे.

गाण्यांच्या याद्यांचं वेड आपल्याकडे तसं जुनं. १९५२ साली माहिती आणि नभोवाणी मंत्री होते बा. वि. केसकर. या मराठी मंत्र्यांनी आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळपास हद्दपार केली, आणि श्रोत्यांनी रेडिओची सुई सरळ रेडिओ सिलोनवर नेऊन ठेवली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये तिथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानी एकेक पायरी चढत गाणी सांगायचे, आणि वर्ष संपलं की वर्षभराची यादी यायची. १९५३ च्या वार्षिक यादीत 'अनारकली'मधलं 'ये जिंदगी उसी की है' पहिलं आलं. पहिला नंबर कोणाचा, यावर घराघरात पैजा लागायच्या.

गीतमालेचा हिशोब रेकॉर्डची विक्री आणि श्रोत्यांच्या पत्रांवर चालायचा. म्हणजे प्रश्न होता, हे गाणं किती लोकांना आवडलं? फ्रेंडलिस्टमधल्या त्या पठ्ठ्याचा प्रश्न वेगळा आहे. एका माणसाला हे गाणं किती आवडलं? दोन्ही प्रश्न सारखे वाटतात, पण त्यांची उत्तरं क्वचितच जुळतात.

आधी 'इंडी' म्हणजे काय ते बघू, कारण या शब्दाचा आपल्याकडे पार भुगा झालाय.

इंडी म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. पण कोणापासून? तर मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांपासून. याचं गाजलेलं उदाहरण इंग्लंडमधल्या मँचेस्टर भागातल्या बझकॉक्स या बँडचं. १९७६ च्या डिसेंबरअखेर या पोरांनी एका दिवसात चार गाणी रेकॉर्ड केली. कुठल्या कंपनीच्या दारात उभं राहण्याऐवजी घरच्यांकडून आणि मित्रांकडून ५०० पौंड उसने घेतले, 'न्यू हॉर्मोन्स' नावाचं स्वतःचं लेबल काढलं आणि जानेवारी १९७७ मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' नावाच्या रेकॉर्डच्या हजार प्रती काढल्या. त्या हातोहात संपल्या आणि पुन्हा पुन्हा छापाव्या लागल्या. लंडनच्या कंपनीशिवायही रेकॉर्ड निघते आणि खपते, हे बाकीच्या पोरांना दिसलं. मग गावोगावी लेबलं निघाली. जानेवारी १९८० पासून ब्रिटनमध्ये 'इंडी चार्ट' छापून यायला लागला. त्यात शिरायची अट एकच, रेकॉर्डचं वितरण मोठ्या कंपन्यांच्या साखळीतून झालेलं नको. गिटार वाजते की डफ, याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

पुढे इंडी हा शब्द धंद्याच्या पद्धतीवरून घसरून एका विशिष्ट सुरावटीवर आला. भारतात तर त्याचा अर्थ आणखी पुढे सरकला. आपल्याकडे जे सिनेमात नाही ते इंडी, मग गाण्यामागे देशातली सगळ्यात मोठी म्युझिक कंपनी का असेना. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' गाजलं. मराठी शब्द, हाऊस म्युझिकचा ठेका, सिनेमाशी संबंध नाही. पण गाणं आलं 'स्पिनिन रेकॉर्ड्स' या नेदरलँड्सच्या लेबलवर, आणि ते लेबल वॉर्नर या बड्या कंपनीच्या मालकीचं. आता हे इंडी म्हणायचं का? ब्रिटनच्या जुन्या अटीनं नाही, पुण्याच्या कट्ट्यावरच्या अटीनं हो. याद्यांखालची निम्मी भांडणं याच मुद्द्यावर होतात.

वर्षअखेरच्या यादीला चाहत्यांचा सण बनवला तो जॉन पील या माणसानं. पील बीबीसी रेडिओ वनवर रात्री उशिरा गाणी लावायचा. कोणाचीही, कुठलीही, घरून आलेल्या कॅसेटसुद्धा. १९७६ मध्ये त्यानं श्रोत्यांना पत्रानं आवडती गाणी कळवायला सांगितलं आणि वर्षाच्या शेवटी पन्नास गाण्यांची यादी वाजवली. नाव ठेवलं 'फेस्टिव्ह फिफ्टी'. सुरुवातीला त्यात आजवरची सगळी गाणी चालायची. पहिल्या वर्षी लेड झेपेलिनचं 'स्टेअरवे टू हेवन' पहिलं आलं, आणि असंच चाललं असतं तर दरवर्षी तीच ती नावं आली असती. १९८२ पासून फक्त त्या वर्षातल्या गाण्यांची यादी सुरू झाली आणि खरी मजा आली. १९८७ ला पहिला नंबर आला 'बर्थडे' या गाण्याचा. बँडचं नाव शुगरक्यूब्स, देश आइसलँड, आणि गाणारी मुलगी म्हणजे ब्योर्क. पुढे ती जगभर गाजली.

पीलनं १९९१ ची यादी त्या वर्षी वाजवलीच नाही. मग १९९३ मध्ये दर आठवड्याला एक गाणं असं करत ती जुनी यादी हळूहळू संपवली. अशा लहरी माणसाच्या हातात यादी असली की ती जिवंत राहते. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये पील गेला.

अमेरिकेत हेच काम समीक्षकांनी केलं, पण हिशोबाच्या वहीसह. 'व्हिलेज व्हॉइस' या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात रॉबर्ट क्रिस्टगौ नावाचे समीक्षक होते. त्यांनी १९७१ मध्ये एकदा आणि १९७४ पासून दरवर्षी 'पॅझ अँड जॉप' ही पाहणी घेतली. प्रत्येक समीक्षकाला १०० गुण मिळायचे. ते दहा अल्बममध्ये वाटायचे. एका अल्बमला जास्तीत जास्त ३० आणि कमीत कमी ५.

आता यातली गंमत बघा. समजा, एक अल्बम साठ समीक्षकांना बरा वाटला. कोणाचाच तो पहिला नाही, पण सगळ्यांनी शेवटी पाच-पाच गुण टाकले. झाले ३००. दुसरा अल्बम फक्त नऊ जणांनी ऐकला, पण त्या नऊ जणांना त्यानं झोपू दिलं नाही. त्यांनी सगळ्यांनी ३० दिले. झाले २७०. यादीत वर कोण? सगळ्यांना बरा वाटलेला. आणि ही पद्धत तर उदार म्हणायची, कारण नुसती मतं मोजली असती तर साठ विरुद्ध नऊ असा सामना झाला असता. बेरीज करून काढलेल्या कुठल्याही यादीत हे होणारच. विचित्र, अवघड, एखाद्याच माणसाच्या काळजात घुसणारं संगीत बेरजेत बुडतं. ते वर यायचं असेल तर एकेका माणसाची यादीच लागते. अकरा लाइकवाल्या पोस्टचं महत्त्व नेमकं इथे आहे.

मग रॅप्ड ही एकेका माणसाचीच यादी नाही का?

दिसते तशी. पण रॅप्ड आवड मोजत नाही, वाजणं मोजतं. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरला जातो. तुम्ही ऐकत होता की भांडी घासत होता, याची नोंद कुठे होत नाही. घरात लहान मूल असेल तर आईबापांच्या रॅप्डमध्ये बडबडगीतं वर येतात. रात्री झोपायला पावसाचा आवाज लावणाऱ्याचा वर्षातला लाडका कलाकार पाऊस निघतो. जिमचं गाणं दोनशे वेळा वाजतं. आणि जो अल्बम ऐकल्यावर पुन्हा लावायची हिंमत होत नाही, मन भरून येतं म्हणून जो जपून वर्षात चारदाच ऐकला, त्याचं नाव कुठेच नसतं. वर ही मोजणी वर्ष संपायच्या काही आठवडे आधीच थांबते. डिसेंबरमध्ये आलेल्या गाण्याचं नशीबच फुटकं.

शिवाय रॅप्डला फक्त स्पॉटिफायवरचंच दिसतं. याचं सगळ्यात भारी उदाहरण २०२४ चं आहे.

कॅनडाच्या पॅट्रिक फ्लेगल या कलाकाराचं स्टेजवरचं रूप म्हणजे सिंडी ली. मार्चच्या शेवटी सिंडी लीचा 'डायमंड ज्युबिली' आला. ३२ गाणी, दोन तासांच्या वर. ना स्पॉटिफायवर, ना ॲपल म्युझिकवर. यूट्यूबवर सगळा अल्बम एकाच सलग व्हिडिओत, म्हणजे मधलं गाणं शोधायचं तर बोटानं पुढे-मागे करत बसा. आणि एक वेबसाइट, नव्वदच्या दशकातल्या सायबर कॅफेची आठवण यावी इतकी जुनाट. तिथून फाइल फुकट उतरवता यायच्या. जमलं तर ३० कॅनेडियन डॉलर पाठवा, एवढीच विनंती. ना प्रमोशन, ना रील्स.

लोकांनी तो एकमेकांना सांगत सुटून ऐकला. पिचफोर्क या संगीत समीक्षेच्या साइटनं त्याला दहापैकी ९.१ गुण दिले. त्याआधीच्या चार वर्षांत तिथे नव्या अल्बमला इतके गुण मिळालेले नव्हते. वर्षाच्या शेवटी त्यांच्या यादीत तो पहिला आला. ज्यांनी २०२४ भर हाच अल्बम ऐकला, त्यांच्या रॅप्डमध्ये मात्र त्याचा मागमूस नव्हता.

आता मुद्दा पैशांचा. कारण यादीत नाव आलं काय आणि नाही आलं काय, असं वाटत असेल तर इंडी कलाकाराच्या खात्यात पैसे कसे येतात ते बघायला हवं.

आपण महिन्याला स्पॉटिफायला पैसे भरतो. आपल्याला वाटतं, आपण ज्यांना ऐकलं त्यांच्यात ते वाटले जातील. तसं होत नाही. सगळ्यांचे पैसे एका सामाईक हंड्यात जातात आणि एकूण स्ट्रीममध्ये ज्याचा जेवढा वाटा, तेवढा त्याला मिळतो. म्हणजे एखाद्यानं महिनाभर फक्त आपल्या मित्राच्या बँडची गाणी ऐकली, तरी त्याच्या वर्गणीतला मोठा हिस्सा त्यानं कधी न ऐकलेल्या बड्या गायकांकडे जातो. त्यात २०२४ पासून नवा नियम आला. मागच्या बारा महिन्यांत गाणं किमान १,००० वेळा वाजलं नसेल, तर त्या गाण्याचे पैसेच मिळत नाहीत. बड्या कलाकाराला हजार म्हणजे चहा पिऊन होईपर्यंतचा आकडा. कोल्हापुरात घरी गाणं रेकॉर्ड करणाऱ्या पोरासाठी तो अख्ख्या वर्षाचा डोंगर असू शकतो.

याच्या उलट बँडकॅम्प. २००८ मध्ये सुरू झालेल्या या साइटवर चाहता थेट अल्बम विकत घेतो. साइट डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के आणि रेकॉर्ड, कॅसेट, टी-शर्टवर १० टक्के ठेवते. वर पैसे पाठवण्याचा खर्च कापला जातो. ५०० रुपयांचा अल्बम घेतला तर ४०० च्या आसपास कलाकाराकडे पोहोचतात. कोविडमध्ये कॉन्सर्ट बंद पडले तेव्हा २० मार्च २०२० ला त्यांनी एक दिवस आपला हिस्साही सोडला. त्यातून 'बँडकॅम्प फ्रायडे' सुरू झाला आणि ठराविक शुक्रवारी तो अजून होतो. अर्थात इथेही सगळं गोड नाही. २०२२ मध्ये ही साइट एपिक गेम्सनं घेतली, २०२३ मध्ये सॉन्गट्रॅडर नावाच्या कंपनीला विकली, आणि त्या व्यवहारात जवळपास निम्म्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. पिचफोर्कचंही तेच. १९९६ मध्ये एका पोरानं सुरू केलेली साइट २०१५ मध्ये काँडे नास्टनं घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये बऱ्याच लोकांना घरी पाठवून जीक्यू या पुरुषांच्या फॅशन मासिकाच्या छत्राखाली नेली. नव्या संगीताचा पत्ता सांगणारे पगारी लोक कमी होत चाललेत. मग पत्ता सांगणार कोण? अल्गोरिदम, नाहीतर तो फ्रेंडलिस्टमधला पठ्ठ्या.

यादीची ताकद दाखवणारा किस्सा भारतातलाच आहे. जयपूरचा प्रतीक कुहाड इंग्रजी आणि हिंदीत स्वतःची गाणी लिहून गिटारवर गायचा. २०१८ मध्ये त्याचं 'कोल्ड/मेस' आलं. कॉलेजच्या पोरापोरींमध्ये ते आधीच चाललं होतं. मग ३० डिसेंबर २०१९ ला अमेरिकेचे माजी अध्यक्ष बराक ओबामा यांनी आपली वर्षातली आवडती गाणी जाहीर केली. बियॉन्से, ब्रूस स्प्रिंगस्टीन, लिझो आणि त्यांच्या रांगेत प्रतीक कुहाड. गाणं ओबामांपर्यंत पोहोचलं कसं, हे खुद्द त्यालाही माहीत नव्हतं आणि त्यानं ते जाहीरपणे सांगितलं. पुढच्या वर्षी त्याचा करार झाला तो एलेक्ट्रा या अमेरिकन लेबलशी, जे वॉर्नरच्या घरातलं. सगळं श्रेय एका यादीला देणं चूक ठरेल, गाण्यात दम होताच. पण चाहत्यानं सांगितलेलं नाव कुठवर जाऊ शकतं ते यातून दिसतं. आणि हो, त्या करारानंतर तो इंडी राहिला का, हा वाद त्याचे जुने चाहते आवडीनं घालतात.

एक बारीक तपशील. 'कोल्ड/मेस' २०१८ चं होतं आणि यादी २०१९ ची. शिस्तीचे लोक म्हणतील, हे चालत नाही. पण गाण्याचं वर्ष कुठलं धरायचं हा याद्यांमधला जुना घोळ आहे. अमेरिकेच्या विस्कॉन्सिनमध्ये जस्टिन व्हर्ननं वडिलांच्या शिकारीच्या केबिनमध्ये थंडीभर एकट्यानं राहून गाणी रेकॉर्ड केली आणि २००७ मध्ये बोन इव्हेर या नावानं 'फॉर एम्मा, फॉरेव्हर अगो'च्या ५०० प्रती स्वतः काढल्या. लेबल मिळून तो नीट बाजारात आला २००८ मध्ये. ज्यांच्या हाती त्या पहिल्या ५०० पैकी एक लागली, त्यांच्यासाठी तो २००७ चा, बाकी जगासाठी २००८ चा. घाई केली तर वेगळीच फजिती होते. बियॉन्सेनं १३ डिसेंबर २०१३ ला कोणालाही न सांगता अख्खा अल्बम टाकला, तोवर बहुतेक मासिकांच्या याद्या छापूनही झाल्या होत्या.

सगळ्यात अवघड यादी कॉन्सर्टची.

अल्बम पुन्हा ऐकता येतो, गाणं पुन्हा लावता येतं. कॉन्सर्ट झाला की झाला. राहतात ते फोनमधले हललेले व्हिडिओ, ज्यात गायकापेक्षा शेजारच्याचा आवाज जास्त. त्यात आपल्याकडचा हंगाम हिवाळ्याचा. पावसात उघड्या मैदानावर स्टेज कोण टाकणार? २०१० च्या डिसेंबरमध्ये पुण्याच्या कोरेगाव पार्कात पहिला एनएच७ वीकेंडर झाला. फिल्मी गाणी न गाणारे बँड ऐकायला तिकीट काढून एवढी गर्दी येते, हे त्यानं दाखवलं. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापालूझा आला तो जानेवारी २०२३ मध्ये. परिणाम असा की नोव्हेंबर-डिसेंबरचे शो यादी करताना ताजे असतात आणि जानेवारीत पाहिलेला स्ट्रोक्स मागच्या जन्मीचा वाटतो.

मोठ्या फेस्टिव्हलची नोंद तरी राहते. छोट्या जागांचं काय? लोअर परळच्या गिरणीच्या आवारात २००७ मध्ये सुरू झालेल्या ब्ल्यू फ्रॉगमध्ये कितीतरी बँड घडले, २०१६ मध्ये ते बंद झालं. तिथे मंगळवारी रात्री चाळीस जणांसमोर कोणी काय वाजवलं, याचं दप्तर कुठे नाही. असलं तर कोणाच्या तरी जुन्या फेसबुक पोस्टमध्ये, वर्षअखेरच्या यादीतल्या एका ओळीत.

मराठीत तर हे जास्तच खरं आहे. 'अभंग रिपोस्ट' हा बँड संतांचे अभंग बेस गिटार आणि ड्रम्सवर गातो. 'स्वदेसी' या मुंबईच्या हिपहॉप मंडळींनी २०१९ मध्ये आरेच्या जंगलातल्या प्रकाश भोईर यांच्यासोबत 'द वारली रिव्होल्ट' केलं. यांना मोठ्या साइट्सच्या याद्यांमध्ये जागा मिळेल न मिळेल. त्यांच्या शोला गेलेल्या माणसानं लिहिलं, तरच पुढच्याला कळणार.

यंदा यादी करायचा विचार असेल तर दोन-तीन गोष्टी उपयोगी पडतात. डिसेंबरची वाट बघू नका, फोनच्या नोट्समध्ये ऐकल्या दिवशीच नाव आणि तारीख टाका. क्रमांक लावायचा हट्ट नको. दहावा आणि अकरावा यात फरक नसतोच. नावापुढे एक वाक्य मात्र लिहा, कुठे ऐकलं, का थांबलात. नुसती नावं कोणी उघडून बघत नाही, पण 'कसारा घाटात रेंज गेली आणि हा एकच अल्बम डाउनलोड केलेला होता' असं लिहिलं की माणूस लिंकवर बोट ठेवतो. लिंक देताना कलाकाराचं बँडकॅम्प असेल तर तीच द्या. आणि कलाकाराला टॅग करा. मोठे गायक बघणार नाहीत, पण चाळीस लोकांसमोर वाजवणारा बहुधा त्याच रात्री उत्तर देतो.